चेहऱ्यावरचे पट्टे

गुरुदत्तचा हात असा, की बॉनेटवर माशी बसली तर तिलाही सपाट करील. जर्मनीत श्टुटगार्टात तो संगणकावर गाड्यांचे पत्रे घडवायचा. पडद्यावरच्या पत्र्यावर झेब्र्यासारखे उजेडाचे पट्टे पाडायचे, पट्टा अडखळेल तिथला उंचवटा-खळगा घालवायचा. एकदा हौसेनं त्यानं बायकोचा चेहरा स्कॅन केला. “अहो, केस मागे बांधायला लावलेत, आता कपाळावरची लहानपणची खोक तरी राहू द्या,” चारुलता हसली. “माझ्या तोंडाचं बॉनेट नको!” ती गेल्यावर तेराव्याला त्यानं तो चेहरा उघडला. सवयीनं पट्टे पाडले. डोळे वाहत होते, हात चालत होता. जुन्यावरच सेव्ह करून फाईल बंद केली. सकाळी मुलीनं उघडली. “बाबा, आईची खोक कुठंय?” पुन्हा कोरायची, तर ती आडवी होती की तिरपी? त्यानं सगळे अल्बम काढले. एकूण एक फोटोत चारुलतेनं केसांची बट कपाळावर ओढून घेतलेली होती.