पेटीतले परीक्षक

सोसायटीच्या बागस्पर्धेचे परीक्षक यंदा लाकडी पेटीतून आले. सलग तीन वर्षं चषक नेणाऱ्या इंदुमती गोळे यांना चिंता लागली, कारण मधमाश्यांना चहा-पोहे देऊन काही साधत नव्हतं. माश्या फिरून यायच्या, पेटीत नाचून आपसांत बातमी द्यायच्या आणि वरचं यंत्र त्या नाचाचं मराठी भाषांतर चारचौघांत खणखणीत वाचून दाखवायचं.

इंदुमतीबाईंच्या बाल्कनीतले भरगच्च कलमी गुलाब हुंगून माश्या परतल्या. यंत्र म्हणालं, "गोळे, तिसरा मजला. थाट भरपूर, मध नाही. जाऊ नका."

मागे कुणीतरी मुद्दाम खोकलं. इंदुमतीबाई गुलाबांहून लाल झाल्या.

तेवढ्यात पेटीत एकच धांदल उडाली. झाडून सगळ्या माश्या नाचायला लागल्या. "गोळे, मागची बाजू, स्वयंपाकघराची खिडकी. मेजवानी आहे! सगळ्या चला!"

इंदुमतीबाईंनी नवऱ्याकडे वळून आवाज खाली आणला. "अहो, फुलोरा आलेली कोथिंबीर लावलेला तो जुना तेलाचा डबा फेकून द्या म्हटलं होतं ना?"

"विसरलो," गजाननराव म्हणाले. "महिनाभर रोज विसरतोय. माश्या येतात गं त्यावर. बरं वाटतं बघायला."

चषक घेताना इंदुमतीबाईंनी छोटंसं भाषण केलं. "कोथिंबीर मी पहिल्यापासून मुद्दाम फुलू देते." सगळ्यांत आधी टाळी गजाननरावांनी वाजवली.

जिना चढताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षी मेथीपण विसरा."