मुका मेंढका

“ह्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, मला ठावं हाय. पर त्या घोंगड्याखाली बिराप्पा न्हवता. मी हुतो.”

एवढं बोलून मेजर लालासाहेबांनी बिराप्पाच्याच अंगणात, बिराप्पाच्याच बाजेवर ऐसपैस मांडी घातली. समोर बिराप्पा नवा तांबडा पटका बांधून बसला होता. त्याचा हात पटक्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

दोघांच्या मधे खुर्चीवर माया बसली होती. ती ‘खूण पटली’ मालिकेच्या कंपनीतून मुंबईहून आली होती, मुक्या मेंढक्याला न्यायला.

वीस वर्षांपूर्वी ‘खूण पटली’ लागायची तेव्हा आटपाडीकडच्या या गावात रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. त्यातल्या एका भागात डिटेक्टिव्ह रणदिवे कोयनेच्या घाटात वाट चुकतात. धुक्यातून मेंढरं येतात, मागून घोंगड्याची खोळ घेतलेला मेंढका. रणदिवे विचारतात, “पांढरी जीप कुठं गेली?” मेंढका बोलत नाही. खोळीतून डावा हात काढून दरीकडे दाखवतो. मेंढरं त्या हाताबरोबर जागच्या जागी थांबतात.

सगळी मिळून नऊ सेकंद. तोंड दिसतच नाही. पण मेंढरं बिराप्पाची, म्हणजे मेंढका बिराप्पा, यात शंका घ्यायचं काय कारण? त्या नऊ सेकंदांवर बिराप्पानं झेंडावंदनाचे नारळ फोडले, कुस्तीच्या मैदानात मानाचे फेटे बांधून घेतले.

लालासाहेबांच्या पोटात तेव्हापासून जळत होतं. गाव कुठल्याही फौजीला मेजरच म्हणायचं; फौजेतून आल्यावर ते कोयनानगरला पहारेकरी होते. शूटिंगवाल्यांना मेंढरं हवी होती, आणि कोकणातून परतणारा आपल्या गावचा कळप त्यांनीच दाखवून दिला होता. खटपट त्यांची आणि फेटे बिराप्पाला! तो प्रसंग टीव्हीवर लागला की मेजर उठून बाहेर जायचे.

आता मालिका पुन्हा सुरू झाली. महिनाभर गाव दिवस मोजत होतं. पहिल्या भागाला बिरोबाच्या देवळापुढं मोठा टीव्ही लावला, बिराप्पाला पुढं बसवलं. पण नवे रणदिवे खुर्चीतून उठलेच नाहीत. ड्रोन उडवला, मोबाईलवर ठिकाण बघितलं, चोर धरला.

“ह्यो कसला डिटेक्टिव्ह रं?” गर्दीतला कोंडीबा म्हणाला. “ह्याला साधी वाट चुकता येत न्हाई!”

गावोगावचे लोक असेच चिडले होते. सगळ्यांनी कंपनीला एकच विचारलं, आमचा मुका मेंढका कुठाय? म्हणून माया आज आली होती. आणि म्हणूनच मेजर सकाळपासून येऊन बसले होते.

“मग बिराप्पाकाका तेव्हा कुठं होते?” मायानं विचारलं.

“शूटिंगच्या टरकाखाली. घोरत. माझ्या फौजी कोट्यातली रम पिऊन. इचारा की त्येला.”

माया वळली. बिराप्पा अंगठ्यानं माती उकरत होता.

“रम खरी हाय,” तो म्हणाला.

अंगणात कुजबुज उठली. कोंडीबा ताडकन उभा राहिला. “आरं बिरूआण्णा, वीस वर्सं आमी तुला फेटं बांधलं! मेजरला साधी टोपीबी न्हाई!”

मेजरांनी डोळे मिटून ते वाक्य पुरतं आत जाऊ दिलं.

तेवढ्यात बिराप्पाची बायको अंजना मेंढरांच्या वाड्यातून आली. उजव्या काखेत कोकरू होतं. डाव्या हातात किटली धरून तिनं सगळ्यांना चहा ओतला. बोलली काहीच नाही. ती एरवीही, कळपामागं कोकणात जाता-येतानाही, फारशी बोलायची नाही.

“पण मेजरकाका, मेंढरांनी तुमचं कसं ऐकलं?” मायानं विचारलं.

“बाई, साठ जवान माझ्या एका इशाऱ्यावर थांबायचं. मेंढरांची काय टाप हाय!”

लोक हसले. बिराप्पा मात्र अजून खालीच बघत होता. मेजरांना वाटलं होतं तो भांडेल, अंगावर येईल. हे फारच सोपं चाललं होतं.

“शेवटचं एक,” माया म्हणाली. “त्या मेंढक्याला खरं तर वाक्य होतं. ‘साहेब, जीप खाली गेली.’ दिग्दर्शकांनी सात वेळा सांगितलं, तरी तो तोंड उघडेना. शेवटी त्यांनी मुकाच ठेवला, आणि तोच गाजला. बिराप्पाकाका म्हणतात, विसरलो. तुम्ही का नाही बोललात?”

“पहाऱ्यावरचा फौजी तोंड उघडत न्हाई, बाई.”

मायाचा चेहरा फुलला. हे तिला फारच आवडलं. तिनं कागद पुढं ओढला. “पूर्ण नाव सांगा काका. सोमवारी गाडी पाठवते.”

बिराप्पानं पटका सोडून मांडीवर ठेवला. मेजरांनी मिशी सारखी केली, घसा खाकरला.

अंजनानं किटली खाली ठेवली.

“मेजर, रमची बाटली तुमी दोगांनी संपवली. टरकाखाली दोगंबी घोरत हुता. एकाचं डोस्कं चाकाला, दुसऱ्याचं त्येच्या पायाला. वर घाटात मेंढरांजवळ उरलं हुतं कोण?”

“आगं, काय बी काय बोलतीस!” मेजर कसेबसे हसले. “मीच न्हवतो व्हय तिथं?”

अंजनानं वाड्याकडे डावा हात केला. मघापासून चाललेलं मेंढरांचं बेंबाटणं एकदम थांबलं.

“सात डाव सांगितलं त्या सायबानं. मी बोलले असते, तर बाईचा आवाज आला नसता व्हय?”