आईकडची तपासणी

"ही कोण?" पडद्यावरच्या खापरपणजोबांनी विचारलं, तसं नीलांबरीच्या हातातलं ओवाळणीचं ताट हिंदकळलं.

गावोगाव वणवण करून घराण्याची सगळी माहिती तिनेच जमवली होती. त्या माहितीवरच तर खापरपणजोबा आज बोलते झाले होते. पण या यंत्राच्या पडद्यावर बापाकडचा पूर्वज उभा करायचा तर डीएनए मुलाचाच लागतो; मुलीत ती खूण उतरतच नाही. म्हणून यंदा भाऊबिजेला तिने हेरंबकडे ओवाळणी मागितली होती ती चमचाभर थुंकीची. आणि ज्याला स्वतःच्या आजोबांचं नाव धड सांगता येत नव्हतं, त्या हेरंबला खापरपणजोबा 'बाळा, बाळा' करत होते.

नीलांबरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आईकडचीही तपासणी असते म्हटलं," ती म्हणाली. "आई, तिची आई, तिची आई, अशी मागे जाणारी. ती मी करणार. माझ्या थुंकीतून!"

"कर की ताई," हेरंब करंजी चावत म्हणाला.

तिने आपल्या थुंकीची नळी यंत्रात खोचली. पानं घेईपर्यंत पडद्यावर एक म्हातारी आली. हुबेहूब नीलांबरीचंच नाक. नीलांबरी पडद्याजवळ सरकली.

"आजी, मी नीलांबरी. तुमची."

"माझीच गं बाई!" म्हातारी डोळे भरून तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हेरंबवर गेली.

"आणि हाही आपलाच ना? अगं, किती वाळलाय पोरगा! तू बस मागाहून. आधी त्याला वाढ."