तोंडाशी आलेला ‘ना’

“भाकरी गिळता येते ना?” डॉक्टर कारखानीसांनी विचारलं. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेची नवी पद्धत त्यांनी बारा वर्षं खपून बसवली होती. तुळशीराम त्या संशोधनातला शेवटचा, दोनशेवा पेशंट.

“येते की, साहेब.”

त्यांनी ‘हो’ लिहिलं, पण मन स्वस्थ बसेना. तुळशीरामचा शर्ट दर खेपेला जास्तच ढगळ दिसत होता.

चहाला बाहेर पडले, तर व्हरांड्यात त्याची बायको ताकात कुस्करलेली भाकरी गाळून त्याला पाजत होती.

“खोटं का सांगितलंत?”

बायको ओशाळली. “तुम्ही इतक्या आशेनं ‘येते ना’ विचारता. नाही म्हणायला जीभ रेटत नाही.”

ते तडक केबिनमध्ये आले. दोनशे फॉर्मवर दोनशे ‘हो’ होते. त्यांनी पहिल्या पेशंटला फोन लावला.

तोंडाशी आलेला ‘ना’ कष्टानं गिळला आणि विचारलं, “भाकरी गिळता येते का?”