सगळे किंवा कुणीच नाही

"बुद्धिबळ खेळायला याला माझा कॅमेरा कशाला हवा?" किल्लीमास्तरांनी फोन सुनेच्या नाकासमोर धरला. "माझं तोंड बघून चाल ठरवणार का हा?"

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. "नाही म्हणा आणि पुढे जा, बाबा."

"म्हटलं नाही. आता विचारतोय, तुम्ही कुठे आहात? अरे, घरात आहे! तुझे वर्षाचे पैसे भरून घरातच बसलोय!"

किल्लीमास्तरांनी जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली. घरं, दुकानं, तिजोऱ्या, एकदा तर न्हाणीघरात अडकलेली कुणाची तरी अख्खी मावशी. कुलूप उघडायचं आणि पाठ फिरवायची, आत डोकावायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. आणि हे ॲप! पैसे मोजून आत घेतलं, तर घरभर नाक खुपसत हिंडायला लागलं. माइक द्या, फोटो द्या, झोपता किती ते सांगा. आज नाही म्हटलं की उद्या पुन्हा दारात हजर.

"मग बंद करून टाका ना ते," सून म्हणाली.

"आणि खेळू कुणाशी?"

सुनेनं घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. पूर्वी दर रविवारी तिचे पप्पा, म्हणजे किल्लीमास्तरांचे व्याही, खेळायला यायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. एका रविवारी त्यांनी वजीर पुढे सरकवला आणि मग हळूच मागे घेतला.

"केलेली चाल मागे घेता?" किल्लीमास्तर कडाडले.

"ड्रायव्हर आहे मी. रिव्हर्स माझा हक्क आहे!"

किल्लीमास्तरांनी पटच उधळून दिला. व्याही चपला घालत म्हणाले, "आता बोलावणं आल्याशिवाय या घराची पायरी चढणार नाही."

"मेलो तरी बोलावणार नाही!" इकडून उत्तर गेलं.

त्याला चार महिने झाले. दोघंही हट्टाला पेटलेले, आणि सुनेचा जीव कात्रीत. रविवार दुपारचा तो आरडाओरडा नसला की घर तिला खायला उठायचं.

"आता हे बघ," किल्लीमास्तरांनी फोन पुन्हा पुढे केला. "माझ्या ओळखीच्यांना खेळायला बोलावतो म्हणे. परवानगी दिली नाही तर पुढची पातळी उघडणार नाही."

सुनेनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "हे मुळीच देऊ नका, बाबा. फोनमधल्या प्रत्येकाला तुमच्या नावानं आमंत्रण जाईल. निवडायची सोयच ठेवलेली नाही. सगळे किंवा कुणीच नाही."

"काय निर्लज्ज आहे!" किल्लीमास्तर म्हणाले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी नवी तक्रार. फोन हळू चालतो. "निम्मी गिऱ्हाइकं गाव सोडून गेली. त्यांचे नंबर मी कशाला वागवतोय? काढतात कसे ते?"

सुनेनं दाखवलं. दुपारभर ते खिडकीशी बसून बोटानं टकटक करत होते. निदान तेवढा वेळ ॲपला शिव्या नव्हत्या, यातच तिला समाधान.

संध्याकाळी ऑफिसातून मुलानं फोन केला.

"कोण बोलतंय?" किल्लीमास्तर.

"बाबा, मी!"

"मी म्हणजे कोण?"

"अहो, तुमचा मुलगा!"

"मग तसं सांग की!"

मुलानं घरी आल्यावर बायकोला बाजूला घेतलं. "बाबांना विसरायला तर होत नाहीये ना?"

"काही नाही हो. त्या ॲपनं डोकं फिरवलंय त्यांचं."

रविवारी सकाळी किल्लीमास्तरांची आरोळी आली. "अगं, गेलं! बोट लागलं!"

सून ओल्या हातांनी धावत आली. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडत होते. 'अभिनंदन! तुमचं आमंत्रण पोहोचलं आहे.'

"अहो बाबा! दातांचे डॉक्टर, गॅसवाला, माझी आत्या, सगळ्यांना गेलं असेल!"

"गेली माझी अब्रू," किल्लीमास्तर म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेले.

दुपारी बेल वाजली. दारात व्याही उभे होते, हातात फोन.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"मी? छे! त्या आगाऊ ॲपचा उद्योग आहे. मी कशाला बोलावू?"

"तेच म्हटलं. तुम्ही बोलावलं असतं तर आलोच नसतो."

"आता आलाच आहात तर बसा."

व्याही बसले. पट आधीच मांडलेला होता. "आणखी कोण कोण येतंय?"

"कुणी नाही. तुमच्याइतकं रिकामटेकडं दुसरं आहे कोण?"

अर्ध्या तासात घर दणाणलं. व्याह्यांनी घोडा पुढे टाकला, जीभ चावली आणि ओरडले, "रिव्हर्स!"

"घ्या, घ्या! आज ॲपचे पाहुणे आहात!"

स्वयंपाकघरात सून एकटीच हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. पप्पांचा आवाज या घरात ऐकायला तिचे कान आसुसले होते. असलं आगाऊ ॲप देवानं घरोघरी द्यावं, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

मग तिला बाकीच्यांची आठवण झाली. डॉक्टर काय म्हणत असतील? एकेकाची माफी मागायला हवी. कपाटावर पडलेला सासऱ्यांचा फोन तिनं उचलला आणि नंबरांची यादी उघडली.

डॉक्टर नव्हते. गॅसवाला नव्हता. तिचा स्वतःचा नंबर नव्हता, नवऱ्याचाही नव्हता. तिनं वर-खाली बोट फिरवून पाहिलं, पण यादी हलेचना, कारण तिच्यात एकच नाव होतं: 'व्याही, रिव्हर्सवाले'.