टाका किती?

माझी सून सुलभा धुळ्याच्या शिवणक्लासात भरतकाम शिकलेली. कापड सोडून तिनं माझ्या दुकानातली चांदीची तार धरली आणि साखळी टाक्यानं कानातली फुलं केली. "हे सोनारकाम नव्हे," असं रोज बजावत होतो, आणि जुन्या गिऱ्हाईक हीराबाईंनी नेमकी तीच उचलली.

"यात टाका किती?"

मी तोंड उघडायच्या आत सुलभा म्हणाली, "एकशे चौदा, काकू. मोजून घातलेत."

हीराबाईंनी फुलं खाली आपटली. "अगं बाई! मग चांदी किती?"

मी कपाळावर हात मारला. सोनाराकडे टाका म्हणजे सांधा जोडायला लावायचा हलक्या धातूचा डाग. तो जितका जास्त, तितकी चांदी खोटी. हे या पोरीला कुणी सांगायचं?

"अहो, तिचे टाके सुईचे!" मी वैतागून ओरडलो. "नुसती तार गुंफलीय. आपला टाका यात औषधालाही नाही!"

"टाक्याशिवाय दागिना होतो?"

"होतो म्हणजे काय! समोर आहे की!"

हीराबाईंनी साडी जराशी वर धरून पाय पुढे केला.

"मग भाऊ, सत्त्याऐंशी साली तुम्हीच केलेले हे तोडे. यांत किती?"