पन्ह्याचा घोट

आमची पुष्पांजली नाशिकला पांढरी वाइन चाखते. वाइनला हिरव्या गवताचा वास येतो का, सोबत काय खावं, हे सांगणं तिचं काम. तिला पाहायला तिरोड्याहून मुलाला घेऊन आलेले खेमराजभाऊ बसताबसताच म्हणाले, "आमच्या घरी दारूचं नावबी चालत नाही." चांगलं स्थळ जाईल या भीतीनं मी कसाबसा पुटपुटलो, "पोरगी द्राक्षाच्या कंपनीत आहे."

पुष्पांजलीनं पुदिना घातलेलं पन्हं दिलं. खेमराजभाऊंनी ग्लास उजेडात धरला, हलकेच गोल फिरवला, नाकाशी नेला आणि घोट तोंडात घोळवला. डोळे मिटून म्हणाले, "याच्यासंगं तळलेली मासोळी पाहिजे होती."


पुष्पांजलीनं हळूच विचारलं, "काकाजी, नाशिकले कधी आले होते?"